तपासल्याशिवाय आमेन नाही

१८ फेब्रुवारी, भस्म बुधवार

आमच्या पाळकबाई नवीन आहेत, म्हणून उत्साही आहेत. आज संध्याकाळच्या उपासनेत त्यांनी सांगितलं की ईस्टरपर्यंतच्या या उपवासकाळात प्रत्येकाने एक गोष्ट सोडायची आणि त्याबद्दल स्वतःपुरतं लिहीत जायचं. कुणाला दाखवायचं नाही. बाहेर पडता पडता मुख्याध्यापकांनी जाहीर करून टाकलं की ते साखर सोडणार. मुख्याध्यापक म्हणजे आमच्या चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांतले सगळ्यात जुने. शाळेतून निवृत्त होऊन जमाना झाला, पण आवाज अजून तास घेतो. त्यांची साखर डॉक्टरांनी गेल्या वर्षीच बंद केली आहे. म्हणजे एकाच पथ्यात देवही खूश आणि डॉक्टरही.

मी चहा सोडणार नाही. चहा सोडला तर मी माणसांतून उठेन. रोज लिहिणंही जमायचं नाही, लिहिण्यासारखं काही झालं तर लिहीन.

मी 'आमेन' सोडतो आहे. अगदी पूर्ण नाही. जी प्रार्थना मला स्वतःला पटेल तिला म्हणेन, बाकीच्यांना गप्प बसेन.

कारण असं आहे. मी लिफ्टची देखभाल करतो. तपासणी झाली की सही करावी लागते. ब्रेक, दोर, दारांची कुलुपं स्वतः बघितल्याशिवाय मी सही करत नाही. खाली चहा पीत पीत सही ठोकणारेही आहेत आमच्यात, त्यांची मी येताजाता टर उडवतो. आमेन म्हणजे तरी काय, 'हे असंच आहे, असंच होवो'. सहीच ती. आणि चर्चमध्ये मी जन्मभर चहा पीत पीत सही करत आलो.

गेल्या वर्षी बाबा हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा मंडळीने त्यांच्यासाठी प्रार्थना केली. आधीचे पाळकसाहेब म्हणाले, प्रभू, तू त्यांना बरं केलंच आहेस, त्याबद्दल आभार. सगळे आमेन म्हणाले. सगळ्यात मोठ्याने मी म्हणालो. त्याच आठवड्यात बाबा गेले. मला देवाचा राग आला नाही. राग येण्याइतकी आमची ओळख होती का, हेच कळेना. फक्त न बघता सही केली असं वाटलं, आणि ते वाटणं काही गेलं नाही.

आज शेवटच्या प्रार्थनेला गप्प राहिलो. आई नेहमीसारखी माझ्या डाव्या हाताला होती. सगळे उठायला लागले तरी तिचे डोळे मिटलेलेच. मी उठलो, बाक हललं, तेव्हा तिने उघडले. बाबांची आठवण आली असेल.

२२ फेब्रुवारी, रविवार

आजचा हिशेब: राज्यकर्त्यांना सुबुद्धी मिळो, गप्प. चर्चच्या छताचं काम निर्विघ्न पार पडो, गप्प, कारण ठेकेदार मला माहीत आहे. आम्ही एकमेकांवर प्रेम करतो याबद्दल आभार, गप्प. सोपं वाटलं होतं, सोपं नाही. जीभ आपोआप उचलली जाते, ती धरून ठेवावी लागते.

आई आजही सगळ्यांच्या नंतर डोळे मिटून. पाळकबाईंनी सूचना वाचायला घेतल्या तरी हिचं चालूच. मागच्या बाकावर महिला मंडळाच्या दोघी कुजबुजल्या, काय बाई भक्ती आहे!

जेवताना म्हटलं आपणच सांगून मोकळं व्हावं. ती ओट्यापाशी होती, नळ चालू. मी म्हणालो, "आई, मी ईस्टरपर्यंत आमेन म्हणणार नाही. पटल्याशिवाय नाही म्हणणार."

ती म्हणाली, "हो, घे ना अजून. भात आहे भरपूर."

एवढ्या गोष्टीवर असं उत्तर! तिला राग आला की ती विषय बदलते, हे मला लहानपणापासून माहीत आहे. मग मीही भात वाढून घेतला.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

आमच्या तरुण संघाची वयोमर्यादा पस्तीस आहे आणि मी तिच्या उंबरठ्यावर आहे. तरी पाळकबाईंनी संघ माझ्याच गळ्यात घातला. म्हणाल्या, "तुम्ही किमान वेळेवर येता." ईस्टरच्या पहाटेची उपासना यंदा तरुणांनी करायची असंही ठरलं आहे. तरुण कुठे आहेत, हा प्रश्न कुणी विचारला नाही.

आज मागच्या खोलीत आम्ही चौघं होतो. मी, ड्रम वाजवणारा, वकिलीचं शिकणारी एक मुलगी आणि नर्स. ड्रमवाल्याने प्रार्थना केली, आम्हा तरुणांमध्ये तुझा आत्मा अग्नीसारखा पेटलेला आहे वगैरे. खोलीत पंखा बंद होता तरी गार वाटत होतं. दोघी आमेन म्हणाल्या, मी नाही.

"दादा, तुम्ही आमेन म्हणत नाही हल्ली," तो म्हणाला. "रविवारीपण नाही म्हणालात. मी बघत होतो."

"प्रार्थनेत डोळे मिटायचे असतात," मी म्हणालो.

पण मग सांगितलं सगळं. सही, लिफ्ट, सगळं. बाबांचं नाही सांगितलं. मला वाटलं आता उपदेश ऐकावा लागणार. झालं उलटंच. वकीलबाई म्हणाली, ती बारा वर्षांची असल्यापासून एका प्रार्थनेला मनातून 'हरकत आहे' म्हणत आली आहे. मग ड्रमवाला म्हणाला, "खरं सांगू का, माझ्यात काही पेटलेलं वगैरे नाहीये. मला ड्रम वाजवायला मिळतात म्हणून मी येतो." नर्स हसली नाही. ती म्हणाली, "मग तशी प्रार्थना कर."

त्याने केली. प्रभू, मी ड्रमसाठी येतो, माझं काहीतरी बघ. तिघंही आमेन म्हणालो. माझं पहिलं. आवाज घोगरा आला.

नर्स एकटीच मला दादा म्हणत नाही. वयाने फारशी लहान नाही, म्हणून असेल.

८ मार्च, रविवार

आता शुक्रवारी नऊ जण येतात. त्यांतले दोघं असे आहेत की चर्चला शेवटचे कधी आले ते त्यांच्या घरच्यांनाही आठवत नाही. 'तिथे गप्प बसलेलं चालतं,' असं त्यांना कुणीतरी सांगितलं म्हणे. गप्प बसायला आलेली माणसं दोन-दोन तास बोलतात.

आज आम्ही सगळे एका बाकावर बसलो. त्यासाठी मला आईच्या शेजारून उठावं लागलं. तिला आधी सांगितलं होतं, ती "हो हो" म्हणाली होती. आमचं बाक गप्प, त्यामुळे एकूणच आमेन बारीक झालं. आमेन कमी पडलं हे बाकीच्यांनाही ऐकू गेलं आणि माना वळल्या. पाळकबाई एक क्षण थांबल्या.

विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेची कबुली, एकत्र म्हणायला सगळे उभे राहिले तेव्हा आई बसूनच होती. डोळे मिटून, हात मांडीवर. अर्धा होऊन गेल्यावर शेजारणीने दंडाला धरून उठवलं. ड्रमवाला माझ्या कानाशी लागला, "दादा, काकूंचापण पाठिंबा!" त्याला वाटलं ती आमच्या बाजूने उतरली आहे. मला ते पटत नाही. ती मला दाखवून देते आहे की असं गप्प बसलेलं कसं दिसतं. ही तिची जुनी पद्धत आहे. मी शाळेत असताना एकदा जेवणावर रुसलो, तर तीही जेवली नव्हती.

घरी आल्यावर टीव्हीचा आवाज मोठा करून बसली.

११ मार्च, बुधवार

दुपारी एका इमारतीत काम लवकर आटपलं म्हणून घरी आलो. किल्ली विसरलो होतो. बेल वाजवली. आत टीव्ही चालू असलेला ऐकू येत होता. पुन्हा वाजवली. दार ठोकलं. मग फोन लावला, तो आत वाजताना मी बाहेर उभा राहून ऐकला. शेवटी पायरीवर बसलो. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ खाली जाताना "घरातून काढलं वाटतं?" म्हणाले. मी हसलो, पण हसू आलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने आई पायपुसणं झटकायला बाहेर आली. मला बघून दचकली.

"अरे, इथे काय बसलास? बेल वाजवायची ना!"

टोमणा मारावा तर असा. मी सरळ आत गेलो. आज पहिल्यांदा मनापासून वाईट वाटलं. एका शब्दापायी आईशी अबोला धरण्याइतका तो शब्द मोठा आहे का? बाबा असते तर त्यांनी मध्ये पडून दोघांना झापलं असतं. बाबा नाहीत म्हणूनच तर हे सगळं चाललंय.

१३ मार्च, शुक्रवार

मुख्याध्यापक राहतात त्या इमारतीची लिफ्ट माझ्याकडे आहे. आज मी लिफ्टच्या टपावर उभा राहून दोरांना हात लावून बघत होतो, तोच वरून आवाज आला, "सापडलास!" ते मजल्यावर उभे, मी खाली. त्यांच्या चपला माझ्या नाकासमोर.

"सर, मागे व्हा, दार उघडं आहे."

"मी पडणार नाही. सांभाळायला हवं ते तू. काय चालवलंयस हे? पहाटेची उपासना तरुणांकडून काढून घ्यावी असं पंचांमध्ये चाललंय. मी थोपवून धरलंय. आमेन म्हणजे काय मतदान आहे?"

"पटत नाही त्याला कसं म्हणायचं, सर?"

"आमेन एकट्याचं नसतं रे." आवाज जरा खाली आला. "एकाला म्हणवत नाही त्या दिवशी शेजारचा म्हणतो. माझी बायको गेली तेव्हा वर्षभर माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. तुझे वडील शेजारी बसून माझंही म्हणायचे."

बाबांनी हे घरी कधी सांगितलं नव्हतं. मी पक्कड पुसत राहिलो. वाक्य चांगलं होतं. पण चांगल्या वाक्यावर सही करत नसतात.

"आणि आईकडे बघ जरा," ते जाता जाता म्हणाले. "बाई सगळ्यांच्या नंतर डोळे उघडते. उघडते तेव्हा घाबरलेली असते. तिचा जीव घेऊन तुझा खरेपणा करू नकोस."

दोर ठीक होते. सही केली.

१७ मार्च, मंगळवार

ताईचा फोन. ती लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेल्यापासून आमच्या घराचा कारभार फोनवरून बघते.

"तू आईला काय केलंस? मी काहीही सांगितलं तरी नुसतं हो हो करते. परवा मी सांगितलं की धाकटीचा दात पडला, तर म्हणाली, छान झालं, कधी आहे लग्न?"

"माझ्यावर रागावली आहे. तिचं लक्ष नसेल." मग आमेनचं सांगितलं.

ताईने कपाळाला हात लावल्याचं मला फोनवरही कळलं. "म्हण ना मग एकदाचं! तुझा काय जीव जातो?"

जीव जात नाही. तेच तर सांगायचं आहे. पण आई अशीच वागत राहिली तर ईस्टरपर्यंत मी माघार घेईन असं दिसतंय. मला आई हवी आहे. मग पुढच्या प्रत्येक रविवारी मी तिच्या शेजारी बसून न बघता सह्या करत राहीन, आणि एक दिवस जायचाच बंद होईन. दोन्हीकडून माझंच नुकसान.

२० मार्च, शुक्रवार

पाळकबाई आज मागच्या खोलीत आल्या. पंचांनी पाठवलं असावं. खुर्च्या कमी पडल्या, काही जण कपाटाला टेकून उभे. बाईंनी प्रार्थनेने सुरुवात केली, प्रभू, तू या मंडळीत ऐक्य दिलं आहेस. शेवटी थांबल्या. खोलीतून आवाजच नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा काय तो.

त्यांनी डोळे उघडून आमच्याकडे बघितलं. मला त्यांची दया आली. वकीलबाई हळूच म्हणाली, "बाई, पुन्हा केली तरी चालते इथे."

पाळकबाईंनी पुन्हा डोळे मिटले. मग म्हणाल्या, "प्रभू, मला इथे येऊन सहा महिने झाले. मला अजून कुणी घरी चहाला बोलावलेलं नाही. रविवारी संध्याकाळी मला फार एकटं वाटतं."

आमेन इतकं मोठं झालं की बाहेर रखवालदार डोकावला. मीही म्हणालो. नंतर बाईंना चहाला बोलावण्यावरून पोरांमध्ये जवळजवळ मारामारी झाली. पहिला नंबर ड्रमवाल्याच्या आईने पटकावला.

निघताना नर्स म्हणाली, "काकूंच्या शेजारी बसत जा ना तुम्ही. पहिल्यासारखे."

मी विचारलं, "तुम्हाला आमचं बाक आवडत नाही का?"

ती माझ्याकडे विचित्र नजरेने बघून "तसं नाही" म्हणाली आणि चपला घालायला लागली. तिलाही मी संघात नको आहे की काय कळत नाही.

२९ मार्च, झावळ्यांचा रविवार

आज झावळ्या घेऊन चर्चला बाहेरून फेरी घालायची होती. फेरीच्या आधी प्रार्थना झाली, मग सगळे गात गात बाहेर पडले. ढोल पुढे, मुलं मागे. मी झावळ्यांचा गठ्ठा उचलून सगळ्यांत आधी बाहेर होतो.

अंगणात गेल्यावर बघतो तर आई नाही. परत आत आलो. चर्च रिकामं. पंखे चालू, बाकांवर पर्सा आणि पुस्तकं, आणि मधल्या बाकावर आई एकटी. मान खाली, डोळे मिटलेले, झावळी मांडीवर.

मी मधल्या वाटेवर उभा राहिलो. एवढी मोठी प्रार्थना माझ्यासाठीच असणार. दुसरं काय मागणार ती? तिला हाक मारावीशी वाटली, पण प्रार्थनेत व्यत्यय नको म्हणून पाय न वाजवता मागे फिरलो आणि दार ओढून घेतलं.

फेरी संपत आली तेव्हा ती बाहेर आली. चेहरा पडलेला. झावळी तशीच हातात. लोकांमधून वाट काढत माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "सांगायचं तरी होतंस."

"काय सांगायचं होतं?"

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मग तिने मान फिरवली. बिचारी रडवेली झाली होती. काय सांगायचं होतं ते मला अजून कळलेलं नाही.

३ एप्रिल, उत्तम शुक्रवार

उपासना दुपारभर चालली. वाचन, मग शांतता, पुन्हा वाचन. शांतता मला आवडते, तिला सही लागत नाही. आईपासून मी चार ओळी मागे होतो. प्रत्येक शांततेत ती मान किंचित वळवून इकडेतिकडे बघायची, लोक काय करतात ते. तिला असं चुळबुळताना मी कधी बघितलेलं नाही. तिची भक्ती मी उडवून लावली, असं वाटून आज फार अपराधी वाटलं. ठरवलं आहे, ईस्टरला तिच्या शेजारी बसायचं आणि सगळ्या प्रार्थनांना आमेन म्हणून टाकायचं. पुरे झालं. संघाला काय सांगायचं ते नंतर बघू.

४ एप्रिल, शनिवार

सकाळी अंगणात उद्याच्या खुर्च्या मांडत होतो. नर्स रात्रपाळी करून तशीच आली होती. ती म्हणाली, "काकूंची खुर्ची स्पीकरजवळ ठेवू या. आणि तुम्ही त्यांच्या उजवीकडे बसा."

"उजवीकडे कशाला?"

"त्यातल्या त्यात तो कान बरा आहे ना."

मी खुर्ची हातात धरून उभा राहिलो.

"तुम्हाला माहीत नाही?" तिचा चेहरा उतरला. "अहो, मला वाटलं तुम्हाला माहीत असून तुम्ही... महिन्यापूर्वी त्या माझ्याकडे हॉस्पिटलमध्ये आल्या होत्या. तपासून घेतलं. डावा गेलाच आहे. उजव्याला अगदी जवळून बोललेलं कळतं. मशीन लावावं लागेल म्हटलं, तर म्हणाल्या ईस्टर होऊ दे."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगू नको म्हणाल्या. शप्पथ घातली." मग ती हळू बोलायला लागली. "त्या म्हणाल्या, प्रार्थना संपली हे मला मुलाच्या आमेनवरून कळायचं. तो उजवीकडे बसून मोठ्याने म्हणायचा. आता तो म्हणत नाही, मग मला कळत नाही कधी डोळे उघडायचे. पण बाया सांगतात, त्याचा काही नेम चाललाय. माझ्यापायी मोडायला नको."

भात वाढून घे म्हणाली होती ती. बेल. रिकामं चर्च, आणि दार ओढून घेणारा मी. दुसऱ्या मजल्यावर उभा राहून नुसत्या आवाजावरून मी सांगू शकतो की वर मोटारीचं बेअरिंग गेलंय. गिऱ्हाइकांसमोर मी हे मिरवतो. आणि घरात एकाच टेबलावर जेवून मला पत्ता नाही.

घरी गेलो. ती पाठमोरी भांडी पुसत होती. मी दारातून हाक मारली, "आई." पुन्हा मारली. ताट पुसून ठेवून तिने दुसरं घेतलं. मी पुढे जाऊन तिच्या समोर उभा राहिलो.

"आलास? चहा टाकू?" मग माझा चेहरा बघून म्हणाली, "सांगितलं वाटतं तिने. त्या पोरीच्या तोंडात तीळ भिजत नाही."

मला रडू आलं. मोठ्याने आलं. बाबा गेले तेव्हाही असं आलं नव्हतं. तिने ओल्या फडक्यानेच माझं तोंड पुसलं.

मी तिच्या उजव्या कानाशी जाऊन म्हणालो, "उद्या म्हणतो मी आमेन. सगळ्याला म्हणतो."

"अजिबात नाही." तिने फडकं ओट्यावर आपटलं. "माझ्यासाठी खोटं आमेन म्हणायचं नाही. तुझ्या बाबांना चाललं नसतं. तू नुसता हात दाब. मला कळेल."

तसं ठरलं. मग चहा झाला.

५ एप्रिल, ईस्टर

पहाटे अंगण भरलेलं. मुख्याध्यापक सगळ्यांच्या आधी येऊन पहिल्या रांगेत बसले होते. संघातले सगळे आले, त्यांतल्या दोघांनी तर घरच्यांनाही ओढून आणलं. नर्स इस्त्री केलेल्या कपड्यांत होती, मी ओळखलं नाही पटकन, तेव्हा ती लाजली. ड्रमवाल्याने उजाडायच्या आत शेजारपाजार उठवला. "ख्रिस्त उठला आहे" म्हटल्यावर पलीकडच्या गॅलरीतून एक जण ओरडला, "आम्हीपण उठलो!" सगळे हसले, पाळकबाईसुद्धा.

मी आईच्या उजवीकडे. प्रत्येक प्रार्थनेनंतर हात दाबत होतो. ती लगेच डोळे उघडायची आणि कशी जमली आपली युक्ती, अशा चेहऱ्याने माझ्याकडे बघायची. तिला असं खुशीत बघून फार दिवस झाले होते. मी तपासूनच चाललो होतो. काहींना आमेन म्हणालो, काहींना नाही.

शेवटची प्रार्थना पाळकबाईंची. तोवर उन्हाची तिरीप भिंतीवर आली होती. कागद नव्हता त्यांच्या हातात. म्हणाल्या, "प्रभू, आमच्यातले काही जण अजून थडग्याच्या बाहेरच उभे आहेत. दगड बाजूला झालेला त्यांना दिसतोय. पण त्यांनी आपलं माणूस पुरलं आहे आणि आत वाकून बघायचा धीर होत नाही. तू बाहेर येऊन त्यांना भेट."

सगळे आमेन म्हणाले. मी गप्प होतो. ठरल्याप्रमाणे आईचा हात दाबला. तिने डोळे उघडले. लोक उठायला लागले, खुर्च्या वाजायला लागल्या.

तेव्हा मी आमेन म्हणालो. मोठ्याने, एकटाच, सगळ्यांच्या नंतर. पहिल्या रांगेतून मुख्याध्यापकांनी मागे वळून बघितलं आणि चष्मा काढून पुसायला घेतला.

आईने माझे ओठ हललेले पाहिले. "आता कशाला म्हणालास?" ती म्हणाली. "मी डोळे उघडले होते की."

"तुझ्यासाठी नाही म्हणालो," मी म्हणालो. आवाज फुटत नव्हता, हळूच म्हणालो.

तिने पुन्हा विचारलं नाही. मला वाटतं, तिला ऐकू आलं.